भाडेकरूचे बंद दार आणि घरमालकाचा प्रवेशाधिकार

घर एकाच्या मालकीचे आणि वास्तव्य दुसऱ्याचे, या व्यवस्थेवर शहरी भारतातील कोट्यवधी लोकांचे जीवन उभे आहे. असे असूनही भाड्याच्या घरांचा वाटा सतत घटत गेला. १९६१ मध्ये शहरांतील सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेपर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. याच जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. दुसरीकडे, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या प्रारंभी शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार असल्याचा अंदाज तांत्रिक गटाने २०१२ मध्ये वर्तविला होता. एका बाजूला कुलूपबंद घरे आणि दुसऱ्या बाजूला घरांची टंचाई, असा हा विरोधाभास आहे. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने त्याची दखल घेताना भाडेकरारांच्या अंमलबजावणीतील दुबळेपणाकडे लक्ष वेधले होते.

हा दुबळेपणा प्रत्यक्षात कसा जाणवतो? त्यासाठी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. एका निवृत्त शिक्षिकेने आपली तिसऱ्या मजल्यावरील सदनिका भाड्याने दिली आहे. दोन महिन्यांचे भाडे आलेले नाही. भाडेकरूचा भ्रमणध्वनी बंद आहे, पाठविलेल्या संदेशांना उत्तर नाही, दाराला कुलूप आहे. दुसऱ्या मजल्यावरील शेजारी छतावर ओल आल्याची तक्रार घेऊन आले आहेत. घराची दुसरी किल्ली शिक्षिकेच्या कपाटात आहे. ती वापरून आत जाण्याचा अधिकार त्यांना आहे काय?

सर्वसामान्य व्यवहारबुद्धी 'हो' म्हणते. घर त्यांचेच आहे. कायद्याचे उत्तर मात्र याहून सूक्ष्म आहे. ते समजून घेताना मालकी आणि ताबा यांतील भेद, विविध अधिनियमांतील तरतुदी आणि त्यांमागील आर्थिक विचार यांचा एकत्रित परामर्श घ्यावा लागतो.

मालकी आणि ताबा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्टा म्हणजे स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण होय. मालकी मालकाकडेच राहते. परंतु ठरलेल्या मुदतीपुरता उपभोगाचा हक्क, आणि त्याबरोबर ताबा, भाडेकरूकडे जातो. कलम १०८ (क) खाली मालक गर्भित वचनच देतो, की भाडेकरू भाडे भरीत राहील आणि कराराच्या अटी पाळील तोवर त्याच्या उपभोगात व्यत्यय येणार नाही. म्हणजेच घर भाड्याने देताना मालक भिंती आणि छप्पर यांचा वापर तर विकतोच, शिवाय स्वतःला त्या दारातून मुक्तपणे ये-जा करण्यापासून रोखण्याचा हक्कही भाडेकरूला विकतो. भाडे हे त्या हक्काचेही मूल्य आहे.

फौजदारी कायदाही ताब्याचाच पक्ष घेतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमण आणि गृह-अतिक्रमण यांची व्याख्या आहे. यापूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ व ४४२ मध्ये होती. 'दुसऱ्याच्या ताब्यातील' मालमत्तेत अपराध करण्याच्या, अथवा ताबेदाराला धाक घालण्याच्या, अपमानित करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश करणे, असे त्याचे स्वरूप आहे. व्याख्येत 'दुसऱ्याच्या मालकीच्या' असा शब्द नाही, ही बाब विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. तसा उद्देश सिद्ध झाल्यास मालक स्वतःच्याच घरात अतिक्रमणाचा अपराधी ठरू शकतो. गृह-अतिक्रमणासाठी एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. थकलेल्या भाड्यापोटी आतील दूरचित्रवाणी संच किंवा कपाट परस्पर उचलून नेल्यास प्रश्न अधिकच गंभीर होतो, कारण चोरीची व्याख्यादेखील ताब्यावरच आधारलेली आहे.

दिवाणी बाजूने विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ महत्त्वाचे आहे. संमतीविना आणि कायदेशीर मार्गाव्यतिरिक्त ज्याचा ताबा काढून घेतला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करून ताबा परत मिळविता येतो. अशा दाव्यात समोरचा पक्ष मालक आहे हा बचाव चालत नाही. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले: स्थिर ताब्यात असलेल्या व्यक्तीला राहण्याचा हक्क उरलेला नाही असे गृहीत धरले, तरी मालकाला कायद्याचा आधार घेतल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. तो हक्क मुख्यत्वे राज्यसंस्थेविरुद्ध असला तरी घर या संकल्पनेकडे पाहण्याची न्यायालयीन दृष्टी त्यामुळे अधिक काटेकोर झाली आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई-पुण्यात, रूढ असलेला 'लिव्ह अँड लायसन्स' करार हा येथे थोडा वेगळा प्रकार ठरतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी. तिच्यामुळे मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात दस्तऐवजाच्या शीर्षकापेक्षा त्याचा आशय आणि पक्षकारांचा हेतू निर्णायक मानला गेला. कागदावर 'परवाना' आणि व्यवहारात अनन्य ताबा असे असेल, तर वादाला जागा राहतेच. परवाना दिला म्हणून किल्ली फिरवून केव्हाही आत जाता येते, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

प्रवेशाचा मर्यादित हक्क

याचा अर्थ मालकाला दार कायमचे बंद झाले असा मात्र नाही. कलम १०८ मध्ये भाडेकरूचे हक्क आणि कर्तव्येही सांगितली आहेत; त्यांपैकी इंग्रजी मूळातील 'एम' खंड प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. मालमत्ता सुस्थितीत ठेवणे आणि मालकाला व त्याच्या प्रतिनिधींना वाजवी वेळी आत येऊन तिची पाहणी करू देणे, तसेच दोषांची सूचना देऊ देणे, हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. दोष भाडेकरूच्या कृतीमुळे उद्भवला असेल तर सूचनेपासून तीन महिन्यांत त्याने तो दूर करावयाचा असतो. येथे शब्दरचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. भाडेकरूने 'येऊ द्यावे' असे कायदा म्हणतो. मालकाने 'दार उघडून जावे' असे तो म्हणत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २८ नुसार पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे आणि तो भाड्याने तसेच परवान्याने दिलेल्या, अशा दोन्ही जागांना लागू आहे. सूचना किती तासांची असावी, हे मात्र त्यात ठरवून दिलेले नाही.

ही संदिग्धता आदर्श भाडेकरू कायदा, २०२१ मध्ये बऱ्याच अंशी दूर करण्यात आली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्यास मान्यता दिली. जमीन आणि नागरी विकास हे राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने हा मसुदा राज्यांवर बंधनकारक नाही. राज्यांनी तो स्वीकारावा किंवा आपल्या कायद्यात त्यानुरूप बदल करावेत, अशी अपेक्षा आहे. परीक्षांमध्ये या मुद्द्यावर वारंवार गफलत होताना दिसते. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्ये या धर्तीवर कायदे केले. तामिळनाडूने आधीच्या मसुद्याच्या आधारे २०१७ मध्येच कायदा करून तो २०१९ पासून लागू केला होता.

आदर्श कायद्याचे कलम १७ प्रवेशासंबंधी आहे. मालकाने किंवा त्याच्या मालमत्ता व्यवस्थापकाने किमान २४ तास आधी, लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी. तीत प्रवेशाचे कारण, दिवस आणि वेळ नमूद असावी. दुरुस्ती करणे, घर राहण्यायोग्य आहे किंवा नाही हे पाहणे, अथवा करारात नमूद केलेले अन्य वाजवी कारण, एवढ्यासाठीच हा प्रवेश आहे. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश करता येत नाही. युद्ध, पूर, आग, चक्रीवादळ, भूकंप अथवा अन्य नैसर्गिक आपत्ती अशा आणीबाणीत मात्र पूर्वसूचनेची अट शिथिल होते. २४ तासांचा हा दंडक नवा नाही. इंग्लंडच्या १९८५ च्या घरमालक व भाडेकरू अधिनियमातही दुरुस्तीविषयक पाहणीसाठी तो आढळतो.

भाडेकरू उत्तरच देत नाही तेव्हा

आता पुन्हा त्या शिक्षिकेकडे वळू. त्यांनी संदेशाद्वारे २४ तासांची सूचना दिली. कारण म्हणून छताची ओल नमूद केली. चोवीस तास उलटले, उत्तर आले नाही. मौन म्हणजे संमती समजावी काय?

कलम १७ मध्ये भाडेकरूच्या संमतीची अट घातलेली नाही, अट सूचनेची आहे. त्यामुळे दुरुस्तीसारख्या नमूद कारणासाठी, दिवसाउजेडी, विहित सूचनेनंतर केलेला प्रवेश त्या कायद्याच्या चौकटीत बसतो असे म्हणता येते. परंतु हे विधान दोन मर्यादांसह वाचले पाहिजे. पहिली अशी, की ज्या राज्यात हा मसुदा कायद्यात रूपांतरित झालेला नाही तेथे त्याचा आधार घेता येत नाही; तेथे १८८२ चा अधिनियम, राज्याचा भाडे नियंत्रण कायदा आणि स्वतः केलेला करार यांवरच भिस्त ठेवावी लागते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. प्रवेशाचा हक्क हा विशिष्ट कामापुरता असतो. नळजोडणी दुरुस्त झाली की तो संपतो. भाडेकरूचे सामान बाहेर काढणे, कुलूप बदलणे, घर दुसऱ्याला दाखवून नवा करार करणे या गोष्टी त्या हक्काच्या पोटात येत नाहीत. भाडे थकणे हे तर कलम १७ मधील प्रवेशाचे कारणच नाही. ते घर खाली करून घेण्यासाठी अर्ज करण्याचे कारण आहे. शिक्षिका नळ दुरुस्त करून बाहेर पडल्या तर त्या मालक म्हणून वागल्या. बाहेर पडताना त्यांनी स्वतःचे कुलूप घातले, तर त्यांनी ताबा हिरावला.

दार आतून बंद आहे की बाहेरून, हा भेदही व्यवहारात निर्णायक ठरतो आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच आढळतो. बाहेरून कुलूप असेल तर भाडेकरू गावी गेला असण्याची, नोकरी सुटल्याने निघून गेला असण्याची, रुग्णालयात असण्याची शक्यता असते. या स्थितीत घाई करण्याजोगे काही नसते. मात्र कडी आतून आहे, एकटा राहणारा वृद्ध भाडेकरू दोन दिवस दिसलेला नाही, दाराबाहेर दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे साचली आहेत, अशा वेळी प्रश्न मालमत्तेचा राहतच नाही. तेव्हा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर पोलिसांना कळवावे, शेजाऱ्यांना साक्षीला घ्यावे आणि पोलीस अथवा अग्निशमन दलाकरवी दार उघडावे. मालक येथे मालक या नात्याने नव्हे, तर ज्याला सर्वप्रथम शंका आली तो नागरिक या नात्याने वागत असतो. २४ तासांची वाट पाहणे या प्रसंगी कायद्याचे पालन ठरत नाही, तो निष्काळजीपणा ठरतो.

गॅसचा वास, विजेच्या तारांतून निघणारा धूर, फुटलेली जलवाहिनी यांनाही हाच न्याय लागू होतो. आदर्श कायद्यातील आणीबाणीच्या यादीत गॅसगळतीचा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चे संरक्षण येथे उपयोगी पडते. गुन्हेगारी हेतूविना, सद्भावनेने आणि अधिक मोठी हानी टाळण्यासाठी केलेली कृती अपराध ठरत नाही, असे हे कलम सांगते. मोठ्या आगीत ज्वाला पसरू नयेत म्हणून घरे पाडणाऱ्या माणसाचे उदाहरणच तेथे दिलेले आहे. धोका प्रत्यक्ष आणि तातडीचा होता काय, हे मात्र त्या त्या प्रसंगातील वस्तुस्थितीवरून ठरते. म्हणून दार उघडताना दोन पंच, शक्य असल्यास गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, आतील स्थितीची छायाचित्रे आणि काम होताच दार पुन्हा बंद करून भाडेकरूला लेखी कळविणे, एवढी दक्षता मालकाच्याच हिताची असते.

ताबा परत मिळविण्याची रीत

भाडेकरू कायमचाच निघून गेला असेल तर? मालकांचा सर्वाधिक कोंडमारा येथेच होतो. रिकामे दिसणारे घर कायद्याच्या दृष्टीने रिकामे असेलच असे नाही. मुदत संपली, भाडे थांबले, तरी आत एक पलंग आणि दाराला भाडेकरूचे कुलूप असेल तोवर ताबा सोडला गेला असे सहजासहजी मानले जात नाही.

पहिली पायरी सूचनेची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, महिनेवारी भाडेपट्टा १५ दिवसांच्या लेखी सूचनेने संपुष्टात आणता येतो. ही सूचना टपालाने पाठविता येते, भाडेकरूला किंवा त्याच्या कुटुंबीयाला अथवा नोकराला प्रत्यक्ष देता येते, आणि ते शक्य नसल्यास घराच्या दर्शनी भागावर चिकटविता येते. भाडेकरू सापडत नाही ही सबब १८८२ सालीच विचारात घेतली गेली होती, हे येथे दिसते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठविलेली सूचना पोहोचली असे गृहीत धरले जाते. 'घर बंद' असा शेरा मारून परत आलेल्या टपालालाही हे गृहीतक लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने सी. सी. अलवी हाजी प्रकरणात २००७ मध्ये म्हटले आहे. ते प्रकरण धनादेशासंबंधीचे होते. तत्त्व मात्र व्यापक आहे. अर्थात भाडेकरूला हे गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते.

दुसरी पायरी योग्य मंचाकडे अर्ज करण्याची. महाराष्ट्राच्या अधिनियमातील कलम १६ (१) (एन) हे बंद घरांच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे: दावा दाखल करण्यापूर्वीचे सलग सहा महिने, वाजवी कारणाविना, जागा ज्या प्रयोजनासाठी दिली त्यासाठी वापरली गेली नसेल तर मालक ताबा मागू शकतो. दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ मध्येही सहा महिने वास्तव्य नसल्यास अशीच तरतूद आहे. मात्र दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत. थकबाकीच्या कारणासाठी महाराष्ट्रात लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबावे लागते. परवान्याची मुदत संपली असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा तुलनेने जलद मार्ग आहे आणि त्यानंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत असणे हिताचे. कलम ५५ नुसार तशी नोंदणी करण्याची जबाबदारीही मालकावरच आहे.

आदर्श कायद्याने भाडे प्राधिकारी, भाडे न्यायालय आणि भाडे न्यायाधिकरण अशी त्रिस्तरीय रचना सुचविली आहे. सलग दोन महिन्यांचे भाडे थकल्यास भाडे न्यायालयाकडे अर्ज करता येतो. परंतु मागणीची सूचना मिळाल्यापासून एका महिन्यात भाडेकरूने थकबाकी भरल्यास त्याला संरक्षण मिळते. भाडेकरू हजरच झाला नाही तर एकतर्फी निर्णय देण्याचा मार्ग मोकळा असतो. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास पहिल्या दोन महिन्यांसाठी दुप्पट आणि त्यानंतर चौपट भाडे आकारण्याची तरतूद आहे.

दार तोडण्याचा खरा अधिकार येतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही मालकाकडे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३५ नुसार ताब्याचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाचा बेलिफ वाजवी इशारा देऊन कुलूप काढू शकतो किंवा दार तोडू शकतो. दावा प्रलंबित असतानाही आदेश ३९, नियम ७ खाली न्यायालय एखाद्या व्यक्तीला दुसऱ्याच्या ताब्यातील इमारतीत पाहणीसाठी प्रवेश करण्यास प्राधिकृत करू शकते. या नियमाचा उपयोग मालक फारसा करीत नाहीत. तातडीच्या दुरुस्तीच्या बाबतीत तो अधिक व्हावयास हवा.

वीज वा पाणी तोडून भाडेकरूला बोलते करण्याचा आडमार्ग मात्र दोन्ही कायद्यांनी बंद केला आहे. महाराष्ट्रात कलम २९ आणि आदर्श कायद्यात कलम २० त्यास मनाई करतात.

कुलूपबंद खोल्यांचा धडा

मार्च २०२० मधील टाळेबंदीत या प्रश्नाची दुसरी बाजू देशासमोर आली. महानगरांतील स्थलांतरित मजूर खोल्यांना कुलूप लावून, भांडी, शिलाई यंत्रे, शेगड्या आत ठेवून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड येथील आपल्या गावी परतले. भाडे देणे शक्य नव्हते, संपर्क तुटक होता. मालकाच्या नजरेने पाहिले तर हे सारे 'प्रतिसाद न देणारे' भाडेकरू होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली आदेश काढून स्थलांतरितांसह मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि त्यांना घर सोडण्यास भाग पाडल्यास कारवाई व्हावी, असे निर्देश दिले. आदेश तात्पुरता होता. पण मजुराची शहरातील सारी चल संपत्ती एका दहा बाय दहाच्या खोलीत असते, आणि त्या खोलीचा करार बहुधा तोंडीच असतो, ही वस्तुस्थिती त्यानिमित्ताने अधोरेखित झाली. कुलूप तोडण्याचा अधिकार मालकाला सहज मिळाला तर त्याची किंमत कोण मोजील, याचे उत्तर येथे मिळते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वस्त्यांमधील खोल्यांचे अनेक मालक स्वतः अल्प उत्पन्न गटातील असतात. एका खोलीचे भाडे हेच कित्येकदा त्यांचे निवृत्तिवेतन असते. ती खोली सहा महिने न्यायालयीन सूचनेच्या प्रतीक्षेत बंद राहणे त्यांना परवडत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा व्यवहारखर्चाचा प्रश्न आहे. ताबा परत मिळण्यास किती काळ लागेल याची खात्री नसेल तर मालक ती जोखीम आधीच वसूल करतो. मोठी अनामत रक्कम मागणे, अकरा महिन्यांपलीकडे करार न करणे, अविवाहित व्यक्ती, विशिष्ट समाजगट किंवा परप्रांतीय यांना नकार देणे आणि अखेरीस घर बंदच ठेवणे, हे त्या वसुलीचे प्रकार आहेत. बंगळूरूमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत रूढ झाली होती, तीही याच भीतीपोटी. आदर्श कायद्याने निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सीमित केली आहे. हे भाडेकरूच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. परंतु अनामतीचे कवच काढून घेताना जलद न्यायाचे कवच प्रत्यक्षात मिळाले नाही, तर काही मालक बाजारातूनच बाहेर पडतील. भाडे न्यायालये कागदावर स्थापन होणे आणि त्यांनी वेळेत निकाल देणे यांतील अंतर हीच येथील खरी कसोटी आहे. १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियम राष्ट्रपतींची संमती मिळूनही कधीच अंमलात आला नाही, हा अनुभव फार जुना नाही.

कलम १७ मध्येही एक उणीव राहिली आहे. सूचना देऊनही दीर्घकाळ उत्तर न देणाऱ्या, बेपत्ता झालेल्या भाडेकरूबाबत त्यात स्वतंत्र तरतूद नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये राज्यांसाठी तयार करण्यात आलेल्या आदर्श निवासी भाडे कायद्यात भाडेकरू सात दिवसांहून अधिक काळ अनुपस्थित असल्यास, वाजवी गरज असेल तेव्हा मालकाने आत जावे, अशी सोय होती. ती जशीच्या तशी आणणे येथे योग्य ठरणार नाही. सणासाठी, कापणीसाठी, बाळंतपणासाठी महिनाभर गावी जाणे ही भारतीय शहरांतील नित्याची बाब आहे, आणि सात दिवसांची अनुपस्थिती म्हणजे घर सोडणे नव्हे. मात्र ठरावीक मुदतीनंतर भाडे प्राधिकाऱ्याच्या प्रतिनिधीसमक्ष दार उघडणे, सामानाची यादी करणे आणि ते काही काळ सांभाळणे अशी मधली वाट राज्यांना आपल्या कायद्यात निश्चितच घालता येईल. पंचनाम्याची पद्धत आपल्या प्रशासनाला नवी नाही.

तोपर्यंत करारपत्र हेच साधन उरते. कलम १७ ने 'करारात नमूद केलेले अन्य वाजवी कारण' असा दरवाजा उघडा ठेवला आहे आणि १८८२ च्या अधिनियमातील कलम १०८ देखील पक्षकारांनी वेगळे काही ठरविलेले नसल्यासच लागू होते. भाडेकरूने संपर्कासाठी गावाकडील एका नातेवाइकाचे नाव व क्रमांक द्यावा, पंधरा दिवसांहून अधिक काळ बाहेर जाताना कळवावे, दुसरी किल्ली कोणाकडे राहील आणि ती कोणत्या प्रसंगी, कोणाच्या उपस्थितीत वापरली जाईल हे लिहून ठेवावे. छापील नमुन्यांवर सह्या होतात तेव्हा ही चार वाक्ये बहुधा त्यांत नसतात. भाड्याची रक्कम, अनामत आणि मुदत एवढेच रकाने भरले जातात.